तबल्याचा रियाज आणि शेजाऱ्यांची झोप

प्रश्न : मुलगा फ्लॅटमध्ये तबल्याचा रियाज करतो. भिंतींना फोम चिकटवला, तरी शेजाऱ्यांची तक्रार कायम आहे. काय करावं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : फोममुळे खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज थांबत नाही. त्यासाठी वजन आणि हवाबंदपणा लागतो. आधी दार पाहा. दाराखालून उजेड दिसत असेल, तर तिथून आवाजही जातोच. पोकळ फ्लश डोअर काढून भरीव दार बसवा आणि चौकटीला रबरी पट्टी लावा.

डग्ग्याचा ठोका स्लॅबमधून खाली उतरतो, म्हणून जाड रबरी मॅटवर प्लायचा पाट ठेवून त्यावर बैठक घ्या. हा उपाय सर्वांत स्वस्त आहे.

सामाईक भिंतीसमोर, तिला न टेकणारी मेटल फ्रेम उभारा. तिच्यात 50 मिमी रॉकवूल भरून वर 12.5 मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर लावा; सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. कडा आणि स्विचबोर्डाची भोकं अकूस्टिक सीलंटने बुजवा.

छताचं काम वरच्यांची तक्रार असेल तरच करा. फॉल्स सीलिंग रबरी हँगरवरच टांगा.

एवढं करूनही आवाज शून्य होणार नाही. रात्री 10 नंतर रियाज बंद ठेवा.