टपाली मतांची मोजणी : आरंभ केव्हा, शेवट केव्हा?

दि. 4 जून 2024 रोजी कोलकाता उत्तर मतदारसंघाच्या मोजणीत नियमानुसार सकाळी 8 वाजता टपाली मतपत्रिका प्रथम हाती घ्यावयाच्या होत्या. मतदान यंत्रांची पाळी त्यानंतर, साडेआठची. देशभर हाच क्रम होता. त्याचा आधार म्हणजे निवडणूक संचालन नियम, 1961 मधील नियम 54-अ. मोजणीच्या निर्धारित वेळेनंतर पोहोचलेला लिफाफा उघडू नये, असेही हा नियम बजावतो.

मग ही मते आधीच का मोजू नयेत? अमेरिकेत फ्लोरिडा राज्य ती मतदानदिनापूर्वीच हाताळू देते. पेनसिल्व्हेनियात मात्र 2020 मध्ये मतदानदिनी सकाळी 7 पूर्वी लिफाफे उघडण्यास मनाई होती आणि कल स्पष्ट होण्यास काही दिवस लागले. आपल्याकडे अडचण वेगळी आहे. 2024 मध्ये कूचबिहारने 19 एप्रिलला मतदान केले, तर कोलकात्याने 1 जूनला. कूचबिहारची टपाली मते मे महिन्यातच मोजली असती, तर त्यांचा कल कोलकात्याच्या मतदारापर्यंत पोहोचण्याचा धोका होता.

म्हणून आपल्याकडे खरा वाद आरंभाचा नसून शेवटाचा आहे. टपाली मत यंत्राप्रमाणे आपोआप मोजले जात नाही. घोषणापत्रावर स्वाक्षरी व साक्षांकन आहे काय, त्यावरील क्रमांक आतल्या लिफाफ्याशी जुळतो काय, हे अधिकाऱ्याला ठरवावे लागते. यंत्रांतील आकडे जाहीर झाल्यावर असा निर्णय घेतला, तर तो कितीही प्रामाणिक असला तरी संशय ओढवून घेतो.

कोलकाता उत्तरमधील विजयाचे अंतर 90 हजारांहून अधिक होते. तेथे हा प्रश्न उद्भवला नाही. त्याच दिवशी मुंबई उत्तर-पश्चिममध्ये यंत्रांवरील मतांत अमोल कीर्तिकर 4,51,095 आणि रवींद्र वायकर 4,51,094 असे होते. टपाली मते अनुक्रमे 1,501 व 1,550 पडली आणि वायकर 48 मतांनी विजयी झाले. बाद टपाली मते 111 होती. बाद मतांची संख्या विजयाच्या अंतराहून अधिक असल्यास निकालापूर्वी त्या सर्वांची फेरतपासणी अनिवार्य असते. परीक्षार्थींनी ही तरतूद अवश्य ध्यानी ठेवावी.

2019 पूर्वी टपाली मोजणी संपल्याखेरीज यंत्रांची अखेरची फेरी पुढे जात नसे. त्या वर्षी आयोगाने हे बंधन सैल केले. सेवा मतदारांची इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठविलेली मतपत्रिका आणि ज्येष्ठ व दिव्यांग मतदारांची घरबसल्या मतदानाची सोय (वयाची अट 2024 पासून 85 वर्षे) यांमुळे टपाली मते वाढली. अखेर 25 सप्टेंबर 2025 रोजी आयोगाने आदेश दिला, की त्या केंद्रावरील टपाली मोजणी पूर्ण झाल्यावरच यंत्रांची उपांत्य फेरी सुरू करावी. टपाली मतपत्रिका अधिक असतील तेथे पुरेशी टेबले व कर्मचारी ठेवण्याची जबाबदारीही निवडणूक निर्णय अधिकाऱ्यावर टाकण्यात आली.