तुटलेला स्टड आणि मेकॅनिकचे वेल्डिंग

प्रश्न : माझ्या मोटारसायकलचा सायलेन्सर उतरवताना स्टड इंजिनाच्या हेडमध्येच तुटला. तुटलेला स्टड काढायचे एक्स्ट्रॅक्टर मी मुद्दाम विकत आणले, पण मेकॅनिक म्हणतो, ‘ते राहू द्या, आधी वेल्डिंग करून बघू.’ गरम केल्यावर लोखंड फुगून आणखी घट्ट बसणार नाही का?
– एक वाचक, पाटण

उत्तर : शंका रास्त आहे, पण या वादात मेकॅनिकची बाजू बरोबर आहे. आधी स्टड जाम का झाला ते पाहू. कोयनेच्या खोऱ्यात पावसाळाभर गाडी भिजते. कुंभार्ली घाट चढताना सायलेन्सर तापतो आणि त्यावरच पाणी उडते. अशा तापण्या-भिजण्याने गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून तो आट्यांच्या फटीत पाचरीसारखा दाटून बसतो. पान्याने जोर लावला की आटे सुटण्याआधी स्टडच पिळवटून तुटतो.

आता एक्स्ट्रॅक्टर. स्टडला मधोमध भोक पाडून हे निमुळते, उलट्या पिळाचे पोलादी हत्यार त्यात रुतवायचे आणि उलटे फिरवायचे. पण हिशेब करा. स्टड ८ मिलिमीटरचा असेल तर भोक साधारण ४ मिलिमीटरचे पडणार. जाडी निम्मी झाली की पीळ सोसण्याची ताकद, धातू तोच धरला तर, आठव्या हिश्श्यावर येते. जिथे अख्खा स्टड तुटला, तिथे ही बारीक काडी कशी टिकावी? शिवाय निमुळती असल्याने ती स्टडला आतून फुगवते आणि आटे आणखी आवळते. ती आत तुटली तर खरी पंचाईत, कारण तिचे पोलाद इतके कडक असते की साधा ड्रिल तिच्यावर चालत नाही. स्टड जाम नसेल, नुसता जास्त आवळून तुटला असेल, तर मात्र एक्स्ट्रॅक्टर छान काम करते.

राहिला तापवण्याचा प्रश्न. भोक असलेला धातू तापला की भोक आवळते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात धातूबरोबर भोकही मोठे होते. त्यात हेड ॲल्युमिनियमचे. तेवढ्याच उष्णतामानाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणजे हेड तापले की स्टडभोवती सैलपणा येतो.

मेकॅनिक तुटक्या टोकावर नट ठेवून त्याच्या आतून वेल्डिंग करतो, तेव्हा दोन कामे होतात. स्टड आधी एकदम तापून फुगतो आणि भोवतीचा गंज चिरडतो. निवताना आक्रसला की त्याची पकड सुटते. शिवाय पाना लावायला नवा नट मिळतो. वेल्डिंगचे लोखंड ॲल्युमिनियमला धरत नाही, म्हणून हेडचे आटेही वाचतात. लाली गेल्यावर नट थोडा आवळायचा, थोडा सोडायचा, मध्ये तेल द्यायचे. एकाच दमात उलटा ओढला की पुन्हा तुटलाच.

आणखी एक समज म्हणजे तेल मारले की लगेच पाना लावायचा. गंज सोडवणारे तेल बारीक फटीतून उतरायला वेळ घेते. ते रात्रभर मुरू द्यावे.

वेल्डिंगनेही जमले नाही तर सेंटर पंचाने अचूक मध्य धरून स्टड ड्रिलने पोखरतात आणि आट्यांचे उरलेले वेटोळे टोकदार हत्याराने उचकटतात. ड्रिल जरा तिरका गेला तरी हेडचे आटे जातात. मग भोक मोठे करून हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवावे लागतात. हे काम लेथवाल्याकडेच द्यावे.

वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला सांगा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, असतो आणि तो वेल्डिंगच्या करंटने जळू शकतो. पेट्रोलची टाकीही उतरवून दूर ठेवा. नवा स्टड बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस लावायला विसरू नका. स्टड किरकोळ किमतीत मिळतो, हेड मात्र खिसा रिकामा करते. तेव्हा एक्स्ट्रॅक्टर पेटीत ठेवा आणि मेकॅनिकला त्याच्या पद्धतीने काम करू द्या.