पोराच्या हाती स्टेअरिंग देण्यापूर्वी



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याकडे येणारे सगळे रस्ते उसाने भरून जातात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांची रात्रंदिवस ये-जा असते. त्याच रस्त्याने आपली मुले-मुली मोटारसायकल, स्कूटर घेऊन कॉलेजला जातात. काही घरांत तर सोळा-सतरा वर्षांचे पोरगे उसाचा ट्रॅक्टरही चालवते. बेणे, खत, पाणी यांवर आपण नेहमी बोलतो. आज पोराला गाडी कशी शिकवावी, यावर बोलू. लागण फसली तर दुबार लागण करता येते. इथे तशी सोय नाही.

१. शेत वेगळे, रस्ता वेगळा

"आमचं पोरगं दहाव्या वर्षापासनं ट्रॅक्टर हाकतंय," असे आपण कौतुकाने सांगतो. पण रानात गाडी खालच्या गिअरमध्ये असते, समोरून कोणी येत नाही, आणि चुकले तर बहुतेक वेळा बांधावर भागते. रस्त्यावरची चूक दुसऱ्याच्या अंगावर जाते. गिअर टाकायला हात आठ दिवसांत शिकतो. समोरचा आता काय करील, हे ओळखायला डोके शिकावे लागते, आणि त्याला काळ जावा लागतो. म्हणून रानात ट्रॅक्टर चालवता येतो, एवढ्यावर पोराला रस्ता मोकळा करून देऊ नये.

२. कायदा कोणाला धरतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे गाडी चालवायला १८ वर्षे पूर्ण लागतात. पालकांच्या संमतीने १६ व्या वर्षी परवाना मिळतो, तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी. घरोघरी दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर १०० सीसीच्या वरच्या असतात. त्या या सवलतीत बसत नाहीत.

२०१९ साली या कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. "मला न विचारता चावी नेली" असे नुसते म्हणून भागत नाही, ते कोर्टात सिद्ध करावे लागते.

विम्याचेही असेच. चालवणाऱ्याकडे परवाना नसेल, तर विमा कंपनीने जखमीला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. म्हणजे अखेर ती रक्कम उसाच्या बिलातून, नाहीतर जमिनीतून उभी करावी लागते.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते ठार झाले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्या प्रकरणात मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. ही शहरातल्या श्रीमंतांची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. कायदा तिथे आणि इथे एकच आहे.

३. वेगाचा हिशेब

हा हिशेब पोराला समोर बसवून करायला लावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. अडथळा दिसला आणि पाय ब्रेकवर पडला, यात साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडीने पाच फुटी सरीच्या सात सऱ्या ओलांडलेल्या असतात, आणि ब्रेक अजून लागायचाच आहे! ताशी ६० ला याच सात सऱ्यांच्या अकरा होतात. शिवाय वेग दुप्पट केला, की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते.

आता ओव्हरटेक बघा. दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर सुमारे १५ मीटर लांब. मागे-पुढे नऊ-नऊ मीटर मोकळे सोडले तर ३३ मीटर झाले. ट्रॅक्टर ताशी २० ने चाललाय, आपले पोरगे ४० ने. त्याला पुढे जायला सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ते ६६ मीटर जाते आणि समोरून ६० ने येणारी गाडी १०० मीटर जवळ येते. म्हणजे रस्ता निदान १६५ मीटर मोकळा दिसला पाहिजे. वळणावर, चढाच्या माथ्यावर आणि रात्री तो तसा दिसत नाही. दिसत नसेल तर मागेच राहायचे.

४. ट्रॅक्टरचे खास धडे

पोरगे अठराचे झाले, परवाना निघाला, तरी एवढे शिकवल्याशिवाय भरलेला ट्रेलर देऊ नये:

ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडल एकमेकांना जोडून घ्यावेत. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

उतारावर न्यूट्रल करायचे नाही, क्लच दाबून धरायचा नाही. जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरायचा. पुष्कळ ट्रेलरना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा भार मागून ढकलतो.

भार ओढताना क्लच झटक्याने सोडला तर पुढची चाके उचलतात. क्लच हळूच सोडावा.

मडगार्डवर कोणालाही बसवू नये, लहान मुलांना तर मुळीच नाही.

ट्रेलरच्या मागे परावर्तक पट्ट्या हव्यात, आणि उसाच्या कांड्यांनी त्या झाकल्या जाऊ नयेत. बंद पडलेला ट्रेलर रस्त्यात अंधारात सोडू नये. चाकाला लावलेले दगड निघताना बाजूला टाकावेत. मागून मोटारसायकलवर येणारे कोणाचे तरी पोरच असते.

५. शिकवायचे कसे?

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. म्हणून तिसाव्या दिवशीच घाई करू नका. दुचाकी किंवा मोटार शिकवताना सोबत परवानाधारक माणूस असावा आणि गाडीला 'एल' ची पाटी असावी. आधी मोकळ्या मैदानात थांबणे, वळणे आणि आरसा बघणे पक्के करून घ्या. मग दिवसा कमी वर्दळीचा रस्ता, नंतर बाजाराचा रस्ता, त्यानंतर पाऊस, आणि सर्वांत शेवटी रात्र. मुलीलाही याच क्रमाने शिकवा.

आणि एक लक्षात ठेवा. मागच्या सीटवर बसून पोराने दहा वर्षे आपल्यालाच बघितलेले असते. आपले हेल्मेट आरशाला लटकत असेल, फोन कानाला असेल, तिघे-तिघे आपणच बसवत असू, तर आपला उपदेश त्याच्या कानात शिरत नाही.

६. हंगामातली अडचण

खरी कसोटी पुढेच आहे. चिठ्ठी आली, ऊस तुटला, ट्रेलर भरला आणि ड्रायव्हर आलाच नाही. रात्रीचे दहा वाजलेत. पोरगे म्हणते, "दादा, मी नेतो." तोडलेला ऊस पडून राहिला तर वजन घटते, हे आपण सगळे जाणतो, म्हणून जीभ "जा" म्हणायला जाते. तिथे थांबा. शेजारच्या परवानाधारकाला हाक मारा, गट कार्यालयाला कळवा, नाहीच जमले तर ट्रेलर सकाळपर्यंत उभा राहू द्या. एका रात्रीची घट थोडी असते. ती सोसता येते.

यंदाच्या हंगामात चावी कोणाच्या हाती द्यायची आणि कोणाच्या नाही, हे ट्रेलर भरण्याआधीच घरात बसून ठरवा. मुलांच्या समोर ठरवा, म्हणजे ऐन वेळी वाद होणार नाही.