देणगी, वर्गणी की नजराणा?

निवडणूक रोखे हा विषय साहित्य मंडळाच्या अंकात कशाला, असं कुणी विचारेल. माझं उत्तर साधं आहे: यातला अर्धा घोळ एका शब्दाचा आहे. कंपनीने राजकीय पक्षाला पैसे दिले की वर्तमानपत्रं ‘देणगी’ लिहितात आणि आपण वाचून पुढे जातो. तो शब्द तिथे बसतो का, एवढंच इथे तपासायचं आहे.

पैसे देण्याला मराठीत शब्द कमी नाहीत. उज्जैनातल्या आपल्या मराठी मंडळींच्या गणपतीला आपण देतो ती वर्गणी. तिची पावती फाटते, आणि कुठल्या काकांनी किती दिले ते सगळ्या गल्लीला कळतं. गुप्तदान याच्या बरोबर उलट. मंदिराच्या दानपेटीत टाका, नाहीतर आमच्या चर्चमध्ये पाकिटावर नाव न घालता द्या. तिथे नाव लपवणं हा गुण समजला जातो, कारण देणाऱ्याला परत काही नको असतं. नजराणा वेगळा. मराठेशाहीत वतन किंवा इनाम वारसाच्या नावे करून घ्यायचं तर तो सरकारात भरावा लागे. देणारा कोण, घेणारा कोण आणि काम कुठलं, तिन्ही गोष्टी उघड. खंडणीचा अर्थ सांगायला नको.

आता रोखे घ्या. जानेवारी २०१८ मध्ये ही योजना आली. स्टेट बँकेतून एक हजारापासून एक कोटीपर्यंतचा रोखा विकत घ्यायचा, पक्षाला द्यायचा, पक्षाने तो १५ दिवसांत वटवायचा. रोख्यावर नाव नाही. त्याआधी, २०१७ मध्ये, कंपनीने नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच द्यावं ही मर्यादा काढली गेली होती, आणि कुठल्या पक्षाला दिलं ते हिशेबात दाखवायची अटही. सरकारचं म्हणणं होतं की नाव फुटलं तर देणाऱ्याला दुसरे पक्ष त्रास देतील. म्हणजे गुप्तदानाचाच पोशाख. पण खऱ्या गुप्तदानात घेणाऱ्यालाही देणारा कळत नाही. इथे रोखा आणून हातात ठेवणारा पक्षाला माहीत असू शकतो. न कळणारा फक्त मतदार.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने योजना रद्द केली. त्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई, हे दोघे मराठी. निकालाचा पाया कलम १९ मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे: मतदाराला माहिती मिळणं हा त्याच हक्काचा भाग. भाषेच्या विद्यार्थ्याने हे नीट वाचावं. बोलण्याच्या हक्कात कळण्याचा हक्क येतो.

ही काळजी काही नवी नाही. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना पैसे देता यावेत म्हणून आपल्या नियमपत्रात बदल हवा होता. १९५७ मध्ये मुंबई हायकोर्टात मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी तो मंजूर केला, कारण कायद्यात मनाई नव्हती. पण मंजूर करतानाच यातून लोकशाहीला केवढा धोका आहे हे बजावलं. पुढे कायद्याने कोलांट्या मारल्या. १९६० मध्ये मर्यादा, १९६९ मध्ये पूर्ण बंदी, १९८५ मध्ये पुन्हा परवानगी.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मार्च २०२४ मधल्या याद्यांनी. १४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन याद्या टाकल्या: एक रोखे घेणाऱ्यांची, एक वटवणाऱ्यांची. दोन्ही वाचा, कळत काहीच नाही, कारण जोडणारा धागा नव्हता. कोर्टाने पुन्हा फटकारल्यावर २१ तारखेला प्रत्येक रोख्याचा क्रमांक आला आणि देणारा-घेणारा एका ओळीत आले. सर्वात मोठा खरेदीदार निघाला फ्यूचर गेमिंग, लॉटरीचा धंदा करणारी कंपनी, १,३६८ कोटी रुपये. लॉटरी चालू द्यायची की बंद करायची हे राज्य सरकार ठरवतं. तृणमूलला यातले ५४० कोटींच्या आसपास गेले. पश्चिम बंगालमध्ये लॉटरी चालते. पण ५०० कोटींहून जास्त द्रमुकला गेले, आणि तामिळनाडूत २००३ पासून लॉटरीवर बंदी आहे! म्हणून घाईने ‘लाच’ लिहून मोकळं होऊ नये.

अमेरिकेत २०२४ च्या निवडणुकीत हाच खेळ वेगळ्या अंगाने झाला. क्रिप्टो कंपन्यांनी ‘फेअरशेक’ नावाचा निधी उभा केला. कॉइनबेस, रिपल यांची नावं तिथे सरकारी नोंदीत उघड आहेत. ओहायोत सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष शेरॉड ब्राऊन यांना पाडायला सुमारे चार कोटी डॉलर ओतले गेले, आणि ते पडले. गंमत म्हणजे त्या जाहिरातींत क्रिप्टोचं नावच नव्हतं. तिकडे नाव उघड, विषय झाकलेला. इकडे रक्कम उघड, नाव झाकलेलं. आणि क्रिप्टो आपल्यापासून लांब नाही: २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तो वाढवायचा की घटवायचा हे आपली संसद ठरवते.

निकालानंतर साडेसात टक्क्यांची मर्यादा परत आली. वीस हजारांवरच्या देणग्यांची यादी प्रत्येक पक्ष दरवर्षी आयोगाला देतो आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर असते. मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी हाच अभ्यास घेऊया. कुठल्याही पक्षाची एक यादी उघडा, दहा कंपन्या निवडा, प्रत्येकीचा धंदा काय आणि तिचा परवाना किंवा कर कोण ठरवतं ते समोर लिहा. मग शेवटच्या रकान्यात शब्द भरा: देणगी, वर्गणी, नजराणा, खंडणी. जिथे कुठलाच बसत नाही तो रकाना कोरा ठेवा. त्यावर बैठकीत बोलू.