अर्धं अक्षर कुणाचं?

मजकूर लिहिण्याची चौकट टूलकिटने आयती दिली, की इनपुट मेथड नावाची गोष्ट डोळ्यांना दिसतही नाही. मला ती चौकट स्वतः रेखाटावी लागली, कारण जुन्या पोथ्यांच्या पानांची छायाचित्रं समोर ठेवून नेमक्या त्या त्या ओळीशेजारी नोंद लिहिता यायला हवी होती. पायथनमधून, बाइंडिंगच्या मार्गाने, जीटीकेशी बोलत हे काम करताना काही गोष्टी उमगत गेल्या. तुमचं टूलकिट आणि तुमची भाषा वेगळी असेल, पण यातलं बरंचसं तिथेही भेटेल.

१. कळ दाबली म्हणजे अक्षर मिळालं, असं नसतं. मराठी प्रोग्रॅमरला हे उशिरा जाणवतं, कारण इनस्क्रिप्टने आपले लाड केले आहेत. १९८६ साली प्रमाणित झालेल्या या कळफलकावर बहुतेक कळांना एकेक चिन्ह ठरलेलं आहे. दाबलं की आलं. रोमन कळांवरून उच्चाराप्रमाणे लिहिणाऱ्याचं तसं नाही. त्याने ‘के’ दाबलं की आधी पाय मोडलेला क् येतो, पुढे ‘ए’ आलं तर त्याचा क होतो आणि ‘आय’ आलं तर कि. तोवर पडद्यावर दिसतं ते ठरलेलं अक्षर नव्हे, त्याच्या नुसत्या शक्यता. या शक्यता सांभाळण्याची व्यवस्था, म्हणजेच इनपुट मेथड, पूर्व आशियातल्या भाषांच्या गरजेतून उभी राहिली. तोशिबाने १९७८ साली जाहीर केलेला जेडब्ल्यू-१० हा जपानी वर्डप्रोसेसर उच्चाराने लिहिलेल्या मजकुराची कांजी करून देई. लिनक्सवर आज मराठीसाठी अनेक जण वापरतात ती एम१७एन लायब्ररीही जपानमध्येच घडली. आपलं मराठी लिहिणं असं दूरच्या लोकांच्या कष्टांवर उभं आहे, हे समजल्यावर मला त्यांच्याविषयी फार कृतज्ञता वाटली.

२. पहिला मान इनपुट मेथडचा. कळ दाबल्याची सूचना आली की ती आधी संदर्भवस्तूच्या, म्हणजे इनपुट कॉन्टेक्स्टच्या, गाळणीतून जाऊ द्यायची, आणि कळ सोडल्याची सूचनाही तशीच. गाळणीने ‘मी घेतली’ असं उत्तर दिलं की आपण त्या कळेला हात लावायचा नाही. एंटर, एस्केप आणि बॅकस्पेस या तिघींच्या बाबतीत हे विशेष पाळावं लागतं. जपानी लिहिणारा एंटर दाबतो तेव्हा त्याला यादीतला पर्याय पक्का करायचा असतो. एंटर आधी आपण पकडला, तर त्याचा अर्धवट फॉर्म सादर होऊन जातो. मराठीत एंटरवर असं काही अडत नाही, म्हणून आपल्याकडच्या चाचण्यांत हा दोष वर्षानुवर्षं लपून राहू शकतो.

३. प्रीएडिट हा दस्तऐवजाचा भाग नाही. जुळणी चालू असताना जो मजकूर अधोरेखित दिसतो, तो कर्सरपाशी आपण रेखाटायचा असतो, साठवायचा नसतो. तव्यावरची भाकरी ताटात मोजू नये, इतकं हे साधं आहे. पण प्रोग्रॅममध्ये ताटाकडे पाहणारे फार असतात. आपोआप जतन करणारा भाग, शुद्धलेखन तपासणारा, शब्द मोजणारा, आणि सगळ्यात मोठा म्हणजे ‘अन्डू’चा इतिहास. प्रीएडिट तिथे शिरलं, तर अन्डू करणाऱ्याला आपण कधीच न लिहिलेली अर्धी अक्षरं एकेक करून परत येताना दिसतात. मजकूर पक्का झाल्याचा, म्हणजे कमिटचा, संकेत आला की तेवढीच नोंद इतिहासात जावी. त्या संकेतात अक्षर नव्हे, मजकूर येतो, हेही लक्षात ठेवावं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ७ दाबला की क्ष येतो. कळ एक, युनिकोडचे संकेतांक तीन.

४. एकाच पूर्णांकाचे तीन अर्थ असू शकतात, आणि बाइंडिंग त्यातला एकही सांगत नाही. या मुद्द्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, री. पायथनला विचारलं तर लांबी ११ येते, कारण तो संकेतांक मोजतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट घेतो, म्हणून तोच शब्द ३३ बाइटचा होतो. जीटीकेत प्रीएडिटमधली कर्सरची जागा संकेतांकांत मिळते. आजूबाजूचा मजकूर पुसण्याची विनंतीही संकेतांकांत येते. पण तोच आजूबाजूचा मजकूर आपण इनपुट मेथडला कळवतो, तेव्हा लांबी आणि कर्सरची जागा बाइटमध्ये द्यावी लागते. तिथे पायथनची ११ ही लांबी सहज पुढे सरकवली, तर पलीकडे तीन पूर्ण संकेतांक आणि चौथ्याचे दोन बाइट पोचतात. म्हणजे ज्ञ धड राहतो आणि त्याचा काना मधोमध फाटतो. लिनक्सवरच्या वेलँड या डिस्प्ले व्यवस्थेत, टेक्स्ट-इनपुट प्रोटोकॉलच्या तिसऱ्या आवृत्तीत, प्रीएडिटचा कर्सरही बाइटमध्येच असतो. क्यूटी हे दुसरं टूलकिट यूटीएफ-१६चे घटक मोजतं. ते देवनागरीत संकेतांकांइतकेच भरतात, म्हणून सारं ठीक वाटतं, आणि कुणी ओळीत इमोजी घातला की गणित घसरतं.

सी भाषेतल्या दस्तऐवजात हे सगळं लिहिलेलं आहे. बाइंडिंगमधून मात्र फक्त ‘पूर्णांक’ एवढाच प्रकार झिरपतो, त्याचं एकक वाटेत गळून जातं. म्हणून मी आता चलांना नाव देतानाच एकक जोडतो: कर्सर_बाइट, कर्सर_संकेतांक. इंग्रजी मजकुरावर तिन्ही मोजमापं सारखीच येतात. त्यामुळे इंग्रजीवर घेतलेली चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आजूबाजूचा मजकूर कळवण्याची उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. इनपुट मेथडची काही इंजिनं मागचं अक्षर पाहून ठरवतात, की आता मात्रा द्यायची की स्वतंत्र स्वर. त्यांना आपण चुकीचा शेजार दाखवला, तर ती प्रामाणिकपणे चुकीचं अक्षर देतात आणि दोष इंजिनावर येतो.

५. सत्र सुरू करणं सोपं, ते सोडणं अवघड. चौकट पडद्यावर प्रत्यक्ष उभी राहिली की संदर्भवस्तूला तिची खिडकी दाखवायची, चौकटीत कर्सर आला की ‘फोकस इन’, गेला की ‘फोकस आउट’, एवढी सुरुवात. एका चौकटीला एक संदर्भवस्तू, हा नियम मी पाळतो. दोन चौकटींत एकच वापरली, तर पहिलीतलं अर्धं अक्षर दुसरीत उतरण्याचा धोका राहतो. निरोपाच्या वेळी क्रम जपावा लागतो: आधी फोकस आउट, मग संकेतांच्या जोडण्या सोडवणं, मग खिडकीचा संबंध तोडणं, आणि शेवटी वस्तू सोडून देणं. यातली जोडण्यांची पायरी पायथनमध्ये नजरेतून सुटते. आपला संपादक संदर्भवस्तूला धरून असतो, ती संकेताच्या जोडणीला, आणि जोडणी पुन्हा संपादकाला. सीच्या बाजूला कुणाकडे एखादा संदर्भ उरला असला, तर पायथनचा गार्बेज कलेक्टर हे वर्तुळ सोडवू शकत नाही. टॅब बंद झालेला दिसतो, पण त्याचा संपादक स्मृतीत जागाच राहतो.

६. ‘रीसेट’ हे उत्तर देणारं बोलावणं आहे. अर्धं अक्षर तसंच असताना लिहिणाऱ्याने माउसने दुसरीकडे क्लिक केलं, तर इनपुट मेथडला रीसेट कळवायचं असतं. काही इंजिनं त्यावर अर्धा मजकूर टाकून देतात, काही तो आहे तसा कमिट करतात, आणि हा कमिट रीसेट पूर्ण व्हायच्या आतच येऊन धडकू शकतो. म्हणून आधी रीसेट, नंतर कर्सर हलवणं. क्रम उलटा असला, तर आधीच्या ओळीचा शेवट नव्या ओळीच्या पोटात जाऊन बसतो. पोथीच्या नोंदीत हे झालं, तर पुढच्या अभ्यासकाला तो पाठभेद वाटेल. मला याची खरीच धास्ती वाटते.

७. बाइंडिंगच्या सीमेवर अपवाद कसा वागतो, हे आधी विचारून घ्यावं. पायजीऑब्जेक्ट या जीटीकेच्या पायथन बाइंडिंगमध्ये कमिटचा संकेत हाताळताना अपवाद उडाला, तर त्याचा मागोवा टर्मिनलवर छापला जातो आणि प्रोग्रॅम पुढे चालू राहतो. मेनूतून प्रोग्रॅम उघडणाऱ्याला टर्मिनल दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की एक शब्द उमटलाच नाही. पायक्यूटीने ५.५ आवृत्तीपासून उलट धोरण घेतलं. न पकडलेला अपवाद आला की सगळा प्रोग्रॅमच थांबतो. लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही वाईट. कमिटच्या हाताळणीत म्हणून मी फक्त मजकूर घालणं ठेवतो. रंग, मोजणी, जतन हे सगळं नंतरच्या फेरीत.

८. पर्यायांची खिडकी कुठे उघडावी, हे कर्सरची जागा कळवूनच ठरतं. पान सरकवलं तरी ती जागा पुन्हा कळवावी लागते.

९. परक्या भाषेत चाचणी घेतल्याशिवाय आपल्या भाषेतलं काम पूर्ण होत नाही. मोझ्क हे जपानी इंजिन लावून जपानी लिहून पाहा, आणि कोरियनही. कोरियनमध्ये ‘हान’ असं एक अक्षर जुळलेलं असतं. पुढे ‘आ’ दाबला की त्यातला न् सुटून पुढच्या स्वराला जाऊन मिळतो आणि ‘हाना’ अशी दोन अक्षरं होतात. व्यंजन स्वराची वाट पाहत थांबतं, हा तर आपल्याच लिपीचा स्वभाव. तो हजारो मैलांवरच्या, दिसायला अगदी वेगळ्या लिपीत भेटला, तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. माझ्या संपादकातले काही दोष मराठीने दाखवले नव्हते, ते कोरियनने दाखवले.

एक विनंती मराठी लिहिणाऱ्यांना, प्रोग्रॅमर असोत वा नसोत. अक्षर गळलं, मात्रा चुकीच्या जागी पडली, तर आपण दुसऱ्या खिडकीत लिहून मजकूर इथे चिकटवतो आणि पुढे जातो. तसं करू नका. ती तक्रार नोंदवा, आणि नोंदवताना चार गोष्टी जरूर लिहा: कोणतं इंजिन, कोणतं टूलकिट, एक्स की वेलँड, आणि कोणत्या क्रमाने कोणत्या कळा दाबल्या. त्या चार ओळी हाती आल्या, तर दोष शोधणाऱ्याचं निम्मं काम होतं.