फिल्टर मेनूतली गर्दी

स्टुडिओत नवीन मुलगा कामाला आला की त्याच्या पेनड्राइव्हमध्ये प्लगइन्सचा ढीग असतोच. स्किनची, नॉइज काढणारी, शिवाय धुकं, सूर्यकिरणं, पाऊस पाडणारी. त्यातली दोन-तीन सोडली तर बाकीची एकदा गंमत म्हणून उघडली जातात आणि मग मेनूत नुसती गर्दी करून राहतात. लग्नाचे अल्बम करता करता या बाबतीत माझी काही मतं पक्की झाली आहेत. शिकाऊ मुलांना तोंडी सांगतो, तीच इथे लिहितो.

१. आधी सॉफ्टवेअरच्या आत नीट बघा.

अल्बमच्या पहिल्या पानावर मराठी नावं टाइप केली की जोडाक्षरं फुटतात, ‘चि.’ची वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते. मुलं त्यावर प्लगइन शोधत बसतात. गरज नाही. फोटोशॉपमध्येच मजकुरासाठी वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, नवा टेक्स्ट लेयर घ्या, युनिकोड फॉन्ट लावा. ‘श्री’, ‘ज्ञ’, ‘र्य’ सगळं जागेवर येतं. मांडवातली लोंबती वायर पुसायची असेल तर २०१० च्या सीएस ५ पासून कंटेंट-अवेअर फिल आहेच. कॅमेरा रॉ आणि लाइटरूममध्ये २०२३ साली एआयवर चालणारं डीनॉइज आलं, तेव्हापासून आमच्याकडे नॉइजसाठी वेगळं प्लगइन क्वचितच उघडलं जातं.

२. रोज हात कुठे अडतो, त्यावरून ठरवा.

आमची यादी छोटी आहे: त्वचेचं रिटचिंग, ब्लॅक अँड व्हाइट आणि शेकडो फोटोंचा रंग एकसारखा करणं. पाऊस पाडून मागणारं गिऱ्हाईक अजून भेटलेलं नाही.

३. स्किनचं प्लगइन हळदीच्या फोटोवर तपासा.

कंपनीच्या जाहिरातीत मॉडेलचा चेहरा असतो, मागे करडा पडदा असतो. तिथे कुठलंही प्लगइन छानच दिसतं. आपल्याकडचा खरा कस हळदीच्या फोटोवर लागतो. यातली बरीच प्लगइन्स रंगावरून त्वचा ओळखतात आणि तेवढ्या भागाचा मास्क आपोआप तयार करतात. हळद लागलेला गाल, पिवळी साडी, मागचा लाकडी दरवाजा, पैठणीचा जरीकाठ, हे सगळे रंग एकमेकांच्या अगदी शेजारचे. मास्क गालावरून घसरतो तो थेट पदरावर जातो. मग काठातल्या मोराची वीण नाहीशी होते, जरीचा धागा दिसेनासा होतो आणि साडी छापील वाटू लागते. १०० टक्के झूम करून नथीचे मोती आणि मुंडावळ्यांची टोकं बघा; तिथे लगेच कळतं. मास्कचा रंग आयड्रॉपरनं आपल्याला आवळता येतो आणि तयार झालेलं काम वेगळ्या लेयरवर घेता येतं, असंच प्लगइन ठेवावं. लेयर वेगळा असला की ओपॅसिटी चाळीस-पन्नासवर आणता येते, लेयर मास्क लावून जरीवरून काळा ब्रश फिरवता येतो.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. बऱ्याच तयार प्रीसेटमध्ये त्वचा मऊ करताना ती उजळही केली जाते, आणि ते वेगळं सांगितलेलं नसतं. सावळी मुलगी तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये सावळीच दिसली पाहिजे. ‘जरा गोरी करा’ असं घरचे म्हणतात, तेव्हा मी दोन छोट्या प्रिंट काढून समोर ठेवतो. गोऱ्या केलेल्या फोटोत चेहरा एका रंगाचा आणि मेंदीचे हात दुसऱ्याच रंगाचे दिसतात. बहुतेक आई-वडील मग मूळ रंगाचीच प्रिंट उचलतात. आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर तर हे प्लगइन चालवूच नये. पुढे कधी ती माणसं गेली की भिंतीवर लावायला घरचे याच अल्बममधला फोटो मोठा करून मागतात. त्या वेळी त्यांना त्यांची आजी हवी असते, सुरकुत्यांसकट.

४. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एका उजेडात बघा.

कित्येक प्लगइन्स फोटो थोडा उजळ करतात, कॉन्ट्रास्ट वाढवतात. डोळ्याला उजळ फोटो लगेच आवडतो, त्यामुळे ‘नंतर’चा फोटो नेहमीच जिंकतो. मूळ फोटो कर्व्ह्जनं तेवढाच उजळ करा आणि मग दोन्ही शेजारी लावा. फरक उरला नाही तर पैसे वाचले. उरला तर ट्रायल संपण्याआधी त्या फोटोची लॅबमधून एक प्रिंट काढून घ्या. १२ बाय ३६ च्या पानावर चेहरा जसा येतो तसा तो स्क्रीनवर कधीच दिसत नाही.

५. क्रॅक केलेलं काहीही मशीनवर घेऊ नका.

फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस याच वाटेनं येतात. लग्न पुन्हा शूट करता येत नाही.

६. फुकट मिळालं तर जरूर घ्या, पण सगळं काम त्यावर टांगू नका.

निक कलेक्शन या प्लगइन-संचाचा प्रवास आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा. गूगलनं २०१२ मध्ये निक सॉफ्टवेअर विकत घेतलं, मार्च २०१६ मध्ये पूर्ण संच मोफत केला, पुढच्याच वर्षी आता सुधारणा होणार नाहीत असं जाहीर केलं, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तो डीएक्सओ या कंपनीकडे गेला. २०१८ ची नवी आवृत्ती पुन्हा विकत घ्यावी लागली. त्यातल्या सिल्व्हर इफेक्स प्रोला ब्लॅक अँड व्हाइटसाठी मी आजही मानतो. कंट्रोल पॉइंट ठेवला की मास्क न काढता फक्त नवरदेवाचा फेटा उजळता येतो. इतकं चांगलं हत्यारसुद्धा काही काळ वाऱ्यावर होतं, हे विसरून चालणार नाही.

७. पैसे नसतील तर फोटोशॉपऐवजी गिम्प, आणि त्यात जीमिक हे प्लगइन.

फ्रान्समधल्या काँ शहरातल्या ग्रेक प्रयोगशाळेत जीमिक तयार झालं. ते मोफत आहे आणि त्यात पाचशेहून जास्त फिल्टर आहेत. मात्र मार्च २०२५ मध्ये गिम्प ३ आलं आणि त्याबरोबर पायथन २ वर लिहिलेली जुनी प्लगइन्स बंद पडली. म्हणून ऐन लग्नसराईत मुख्य सॉफ्टवेअर अपडेट करू नये. ते काम पावसाळ्यात, हातात ऑर्डर नसताना करावं. फोटोशॉपलाही हाच नियम.

८. डिस्कवरची जागा आणि पुढची ऑर्डर, दोन्हींचा विचार करा.

लाइटरूममधून २४ मेगापिक्सेलचा फोटो बाहेरच्या प्लगइनकडे १६-बिट टिफमध्ये पाठवला की कॉम्प्रेशनशिवाय फाइल १४४ एमबीची होते. दोनशे फोटो पाठवले तर जवळपास २९ जीबी. म्हणून अल्बमचे फोटो निवडून झाल्यावरच प्लगइनकडे वळावं. दोन-तीन वर्षांनी तेच घर बारशाच्या अल्बमसाठी येतं आणि लग्नाचं एखादं पान पुन्हा मागतं. तोवर मशीन बदललेलं असतं. प्लगइन स्मार्ट फिल्टर म्हणून लावलेलं असलं, तरी नव्या मशीनवर ते नसेल तर त्याची सेटिंग उघडत नाहीत. फाइल बंद करण्याआधी त्या स्मार्ट ऑब्जेक्टची एक रास्टराइज केलेली प्रत वरच्या लेयरवर ठेवावी आणि लेयरच्या नावात प्लगइनचं नाव आणि आवृत्ती लिहावी. इन्स्टॉलर आणि लायसन्स की अल्बमच्या बॅकअप डिस्कवरच एका फोल्डरमध्ये असू द्यावी.