पॅटर्न घोडीला पाठ होतो तेव्हा

अमेरिकेतल्या काउंटी फेअरमध्ये ‘फोर-एच’ या युवा संघटनेच्या मुलांचा ‘शोमनशिप’ वर्ग बघताना नवख्या पालकांचा हमखास गैरसमज होतो. रिंगणात घोडा असतो, पण गुण मिळतात ते त्याची म्होरकी धरून चालवणाऱ्या मुलाला. घोड्याची निगा, स्वच्छता बघितली जाते. त्याचं देखणेपण किंवा किंमत नाही.

एका मुलीने हिवाळाभर एकच पॅटर्न, म्हणजे हालचालींचा एकच क्रम घटवला. पहिल्या शंकूपर्यंत दुडकी, तिथे थांबायचं, उजवीकडे पूर्ण गिरकी, मग चारही पाय चौकोनात उभे. घोडी इतकी तयार झाली की दोर हलवायचीही गरज पडेना आणि घरचे खूश. शोच्या दिवशी फाटकावर लागलेला पॅटर्न निराळाच होता. पहिल्या शंकूवरून सरळ पुढे जायचं होतं. घोडी सवयीने तिथेच थांबली आणि वळू लागली. मुलीने दोर ओढला, घोडीने मान वर झटकली आणि घाबरून मुलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. घोड्याला हात लावणं ही या वर्गातली गंभीर चूक. बाहेर येऊन ती घोडीवर चिडली. घोडीने तर शिकवलेलं तंतोतंत केलं होतं!

म्हणून पॅटर्न घटवू नये, त्याचे तुकडे घटवावेत. चालणं, दुडकी, थांबणं, मागे सरणं, पाय जुळवणं यांचा क्रम रोज बदलावा. शंकू नुसते मांडून ठेवावेत आणि त्यांच्यापाशी कधी थांबावं, कधी थांबू नये. गिरकी 90 अंशांपेक्षा मोठी असेल तर घोड्याला आपल्यापासून दूर, उजवीकडे वळवायचं आणि त्याचा मागचा उजवा पाय जागेवर रोवलेला राहायला हवा. हे अंगवळणी पडायला महिने लागतात.

परीक्षक फिरतो तेव्हा मुलाने कुठे उभं राहायचं, हा भाग मुलं पाठांतराने शिकतात आणि गडबडीत विसरतात. माझ्या मते आधी कारण सांगावं. परीक्षक घोड्याच्या पुढच्या अर्ध्या भागाकडे असेल तर मूल पलीकडच्या बाजूला राहतं, म्हणजे त्याला घोडा विनाअडथळा दिसतो. तो मागच्या भागाकडे गेला की मूल घोड्याच्या तोंडाजवळच, पण परीक्षकाच्या बाजूला येतं. घोडा बिथरलाच, तर डोकं आपल्याकडे ओढताच पुठ्ठा परीक्षकापासून दूर वळतो. कारण कळलं की पाय आपोआप योग्य जागी पडतात.

घोडा निवडतानाही मुलाचाच विचार आधी हवा. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या युवा वर्गांत, म्हणजे 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत, खच्ची न केलेला घोडा चालतच नाही. शांत, वयस्क घोडा नवशिक्याला जे शिकवतो, ते तेजतर्रार शिंगरू शिकवत नाही.

शांत घोड्यालाही लाउडस्पीकर, फडफडणारे बॅनर, बाबागाड्या नव्या असतात. नाव न नोंदवता त्याला आधी एखाद्या छोट्या शोला न्यावं, दिवसभर बांधून ठेवावं, गवत खाऊ द्यावं. नालबंदाला मात्र आदल्या दिवशी बोलावू नये. खूर दुखावला तर सावरायला वेळच उरत नाही. नवी म्होरकी आणि मुलाचे नवे बूटही घरीच वापरून बघावेत.

कागदपत्रांत कॉगिन्स चाचणीचा दाखला सगळ्यात महत्त्वाचा. गोमाश्यांमार्फत पसरणाऱ्या घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयावर इलाज नाही, म्हणून अनेक राज्यांत त्यासाठीच्या या चाचणीचा वर्षभरातला निगेटिव्ह अहवाल मागतात. त्याची एक प्रत ट्रेलरमध्ये कायम असू द्यावी.